अर्धी टाकी पेट्रोल, चार कॅन पाणी

जर्मनीहून परत आल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात: थंडी किती होती आणि खाण्याचे किती हाल झाले. दोन्हींचं सांगेन. पण मला चेव येतो तो जायच्या आधी विचारलेल्या प्रश्नाने. तो झाडून सगळ्यांनी विचारला, आणि विचारताना प्रत्येकाची नजर माझ्यावरून नवऱ्यावर आणि नवऱ्यावरून परत माझ्यावर आली. "गाडी तुम्ही चालवणार?"

हो, मी. डार्मश्टाटपासून आल्प्सच्या घाटापर्यंत आणि तिथून परत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढे वाचू नये. ज्यांना पटतं त्यांनी जरूर वाचावं, कारण मी काही सगळीकडे धड चालवली असंही नाही.

दोहा, फरीज बिन ओमरान

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. वसंत. तो अंबडकडचा, मी जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. दोह्यात मी बाळंतपणाच्या वॉर्डात, तो एका कंत्राटदार कंपनीत ट्रेलरचा ड्रायव्हर. आमचा संसार फरीज बिन ओमरानमधल्या एका खोलीत होता आणि मुलगी औरंगाबादला हॉस्टेलात.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये कंपनीची वार्षिक तपासणी झाली आणि डॉक्टरांना वसंतच्या डोळ्यांत काचबिंदू सापडला. समोरचं लख्ख दिसायचं, पण बाजूचं हळूहळू गेलं होतं. मी नर्स असून माझ्या लक्षात आलं नाही, याचा राग मला अजून येतो. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा तेव्हा मी म्हणायचे, "अहो, जरा बघून चाला की." डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, थेंब नेमाने घातले तर उरलेलं टिकेल. कंपनीने त्याला ट्रेलरवरून उतरवलं आणि जुलैअखेर घरी जायचं तिकीट कबूल केलं. वीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस एका सकाळी खलास झाला. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, कॉन्ट्रॅक्ट संपलं.

त्याचा ट्रेलर जर्मन बनावटीचा होता. तो दुरुस्त करायला पूर्वी एक जर्मन इंजिनिअर यायचा, आणि आमच्याकडच्या हमरस्त्यांवर वेगाला मर्यादा नाही, सकाळी निघालं की संध्याकाळी बर्फाच्या डोंगरात, असं सांगायचा. तेव्हापासून वसंतच्या डोक्यात तो रस्ता बसलेला. एप्रिलमध्ये एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "सरोज, घरी जायच्या आधी तेवढा रस्ता बघू की." मी म्हणाले, "बघू." मार्चनंतर त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

माझ्या वॉर्डात दोन वर्षं काम करून गेलेली रेनाटे नावाची जर्मन सुईण होती. तिला पत्र टाकलं. तिने व्हिसासाठी आमंत्रण पाठवलं, तिची गाडी आठ दिवस वापरायला देईन असं लिहिलं आणि सोबत रस्त्यांचा नकाशा घातला. तो नकाशा आम्ही खोलीत जमिनीवर पसरला. वसंतला एका वेळी एक तळहाताएवढा तुकडा दिसायचा. बोट ठेवून तो सरकत सरकत जायचा: डार्मश्टाट, कार्ल्सरूह, श्टुटगार्ट, उल्म, केम्प्टन. ऑस्ट्रियाचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, म्हणून सीमेच्या अलीकडचाच एक घाट त्याने शोधून काढला. कागदावर तो घाट म्हणजे उसवलेल्या स्वेटरचा धागा होता. वसंतने त्यावर लाल पेनाने गोल केला आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं. मला वाटलं, डोंगर बघायचा म्हणून.

आमच्या इमारतीच्या खाली हसनभाईंचं किराणा दुकान होतं. हसनभाई रत्नागिरीचे, तरुणपणी जहाजावर खलाशी होते आणि हांबुर्ग बंदर बघितलेले, त्यामुळे जर्मनी या विषयावर आमच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा.

"सरोजबाय, खुळावलात की काय?" ते म्हणाले. "तिकडं गाडी चालवत नाय, उडवतात."

"मग मीही उडवीन."

"नि आमचा वसंता? वीस वरसं ट्रेलर हाकलला, तो काय बाजूला बसून लिमलेट चोखणार?"

दुकानातले सगळे हसले. वसंत पावाच्या पाकिटावरची तारीख वाचत राहिला. "मी रस्ता दाखवणार," तो म्हणाला. अजून हशा पिकला. मला एकेकाच्या तोंडावर पावाचं पाकीट मारावंसं वाटलं. जालन्याहून दिराचं पत्र आलं, एवढ्या पैशांत घरावर दुसरा मजला चढला असता. मी उत्तरात लिहिलं, दुसऱ्या मजल्यावरून आल्प्स दिसत असेल तर चढवा. फक्त मुलीने पत्राच्या शेवटी एक शब्द लिहिला होता: जा.

लायसन्स माझ्याकडे वर्षभरापासून होतं. त्या अर्जाला नवऱ्याची हरकत नसल्याचं पत्र जोडावं लागलं होतं. ते पत्र इंग्रजीत मीच लिहिलं आणि वसंतने खाली सही केली. आता सराव सुरू झाला. दर शुक्रवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, माझ्या जुन्या जपानी गाडीतून दोहा ते मदिनत अश शमाल आणि परत. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खडी आणि ऊन. वसंत शेजारी बसून शिकवायचा आणि त्याचा पहिला धडा एकच असायचा: पाणी. रेडिएटरचं पाणी, मागे कॅनमध्ये पाणी, प्यायचं पाणी. "पाणी बघितल्याबिगर किल्ली फिरवायची नाही. वाळवंटात गाडी पाण्यावर चालती."

पेट्रोलचा त्याने कधी उल्लेखही केला नाही. कशाला करेल? कतारमध्ये अर्ध्या टाकीत आख्खा देश पालथा घालून घरी चहाला येता येतं. पेट्रोलच्या काट्याकडे दोह्यात कुणी बघत असेल असं मला वाटत नाही.

डार्मश्टाटजवळ, रेनाटेकडे

जूनचा दुसरा आठवडा. विमानतळाबाहेर आलो तर दुपारी दोन वाजता लोक अंगात कोट घालून फिरत होते. रेनाटेने मिठी मारली, वसंतचा हात जोरजोरात हलवला आणि घरी नेलं. संध्याकाळी सहाला तिच्या आईने टेबलावर पाव, लोणी, चीज, काकडीचं लोणचं आणि गार मांसाचे काप मांडले. आम्ही आपलं पाहुण्यांसारखं एकेक तुकडा घेतला, जेवणासाठी पोटात जागा हवी म्हणून. आई आग्रह करत राहिली, आम्ही नको नको म्हणत राहिलो. मग टेबल आवरलं गेलं, गुड नाइट झालं, आणि आम्हाला कळलं की तेच जेवण होतं. त्या देशात संध्याकाळी चूल पेटवत नाहीत. आम्ही खोलीत जाऊन बॅगेतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वाटेसाठी केलेला शिधा पहिल्याच दिवशी निम्मा संपला.

दुसऱ्या दिवशी गावात गाडीवर हात बसवायला निघाले आणि पहिल्याच चौकात उजवीकडून आलेला एक म्हातारा वसंतच्या दारापासून वीतभर अंतरावर करकचून थांबला. आमच्या दोह्यात सगळे चौक गोल, आणि जो गोलात आधी शिरला तो राजा. इथे पाटी नसेल तर उजवीकडचा आधी, मग तो सायकलवर का असेना. म्हाताऱ्याने काच खाली करून मला लांबलचक काहीतरी सुनावलं. मीही मराठीत सुनावलं. रेनाटे मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून हसत होती. वसंत मात्र हसला नाही. उजवी बाजू त्याची होती, आणि त्याने तो म्हातारा बघितलाच नव्हता.

निघायच्या सकाळी वसंतने रेनाटेच्या फिकट हिरव्या गाडीच्या डिकीत पाण्याचे चार कॅन भरून ठेवले.

"अरे, जर्मनीत पाऊस पडतो!" रेनाटे म्हणाली.

"पानी मस्ट," वसंत म्हणाला आणि कॅन दोरीने बांधले.

रेनाटेने किल्ली माझ्या हातात दिली. टाकी अर्धी आहे, वाटेत भरून घे, असं ती म्हणाली होती. मला ते चांगलं आठवतं. मी "हो हो" म्हणालेही होते.

हमरस्ता

तो रस्ता कसा आहे हे न गेलेल्यांना कसं सांगू? शमालचा रस्ता सरळ होता, पण तो कुठे जात नव्हता. हा जात होता. दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, मधेच चर्चचा मनोरा, डाव्या हाताला दूरवर झाडीने भरलेले डोंगर, आणि सगळे लोक निमूट आपापल्या पट्ट्यात. मी शंभरावर गेले. वसंत म्हणाला, "दाब." एकशेवीस. "दाब की." एकशेचाळीसला स्टिअरिंग थरथरायला लागलं. मागून एका मोठ्या गाडीने दिवे मारले. ती भाषा दोह्यातही हीच, त्यामुळे मी मुकाट उजवीकडे झाले. ती वाऱ्यासारखी गेली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी परत डावीकडे घेऊन तिच्या मागे लागले. काटा एकशेसाठला टेकला. वॉर्डातल्या सगळ्या डॉक्टरांना, दिराला, हसनभाईंना, त्या खिदळणाऱ्या मंडळींना मी मनातल्या मनात मागे टाकत होते. वसंत मांडीवर थाप मारून हसत होता. मार्चनंतर तो असा हसलेला मी ऐकला नव्हता. "घे! घे! अजून हाय हिच्यात!" तो ओरडत होता.

एक लहान पिवळा दिवा बराच वेळ जळत होता. मला वाटलं, इकडे दिवसाही हेडलाइट लावतात, त्याचा असेल.

कार्ल्सरूह सोडून रस्ता चढाला लागला, गाडीने दोन आचके दिले आणि गप झाली. कशीबशी कडेला घेतली. वसंत ताडकन म्हणाला, "पाणी!" उतरून त्याने डिकी उघडली, एक कॅन उचलला आणि वीस वर्षांच्या सवयीने बॉनेटकडे निघाला तो धावत्या गाड्यांच्या बाजूने. मी दार उघडून बाहेर पाय ठेवत होते. मागून ट्रक येत होता. मला दिसत होता, ऐकू येत होता. वसंत समोर बॉनेटकडे बघत सरळ चालत होता, आणि त्याचं एक पाऊल पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर होतं. मी त्याचा शर्ट धरून ओढला. शर्टाची शिवण उसवली, कॅन खाली पडून फुटला, आणि ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की माझी ओढणी त्याच्या वाऱ्याने पुढे ओढली गेली.

आम्ही दोघं ओल्या रस्त्यावर उभे. मग मी बॉनेट उघडून बघितलं, पाणी काठोकाठ होतं. मग आत बसून काटा बघितला. पेट्रोल नव्हतं.

कडेच्या खुंट्यांवर बारीक बाण असतात, जवळचा फोन कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारे. मी चालत जाऊन त्या केशरी खांबावरून फोन केला. अर्ध्या तासात मदतीची पिवळी गाडी आली, आणि तिच्या मागोमाग हिरव्या-पांढऱ्या गाडीतून पोलीस. तरुण होता, इंग्रजी बरं बोलायचा. तिथे हमरस्त्यावर पेट्रोल संपणं हा गुन्हा आहे. संपू देणं हा निष्काळजीपणा, असं त्याने मला समजावून सांगितलं.

"कुठून आलात?"

"कतार."

"कतार? जिथून पेट्रोल येतं?" त्याने डिकीतले उरलेले तीन कॅन बघितले. "आणि हे काय?"

"पाणी."

त्याने पिवळ्या गाडीवाल्याला ते जर्मनमध्ये सांगितलं, आणि दोघेही गाडीला टेकून हसले. मग तो गंभीर झाला आणि लायसन्स मागताना त्याने हात पुढे केला तो वसंतकडे. मी पर्समधून माझं काढलं. तेवढ्यात वसंतनेही शर्टाच्या आतल्या खिशातून कागद काढून त्याच्या हातावर ठेवले. कतारचं लायसन्स, मुदत अजून शिल्लक असलेलं. आणि त्याच्यासोबत नवंकोरं आंतरराष्ट्रीय परमिट, माझ्यासारखंच, दोन आठवड्यांपूर्वीची तारीख असलेलं.

"दोघेही ड्रायव्हर," पोलीस खूश होऊन म्हणाला. "पण आत्ता कोण चालवत होतं?"

"मी," मी म्हणाले. दंडाच्या कागदावर सहीही मीच केली.

उल्मच्या पुढे

दुपारी एका विश्रांतीच्या जागी थांबलो. लाकडी बाक, ओक की बीच कसलीतरी झाडं, कापलेल्या गवताचा वास. दक्षिणेला ढगांच्या खाली एक पांढरी रेघ दिसत होती आणि ती ढगांची नव्हती. थेंबांची वेळ झाली होती. वसंत बाकावर मान मागे टाकून बसला, मी थेंब घातले. डोळे मिटून, गालावरून थेंबाचं पाणी ओघळत असताना तो म्हणाला, "घाट मला दे."

मी बाटलीचं टोपण लावत होते.

"हमरस्ता तू घे सगळा. घाट तेवढा मला दे. शंभराच्या वर वळणं हायेत, तुला जमायचं नाही. आन् इथं मला कोण ओळखतंय?"

म्हणजे लाल गोल त्यासाठी होता. एप्रिलपासून जमिनीवर नकाशा पसरून हा माणूस डोंगर बघायचा बेत करत नव्हता. जिथे त्याचा मेडिकल रिपोर्ट पोचलेला नाही अशी जागा तो शोधत होता. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली इतकी कीव आली की मी ती रागातच दडपली.

"नाही," मी म्हणाले.

"कामून?"

"सकाळचा ट्रक दिसला होता का तुम्हाला?"

त्याने गालावरचं पाणी पुसलं. मग डोळे उघडले. "मग मला कशाला आणलंस इथं?"

"बघायला. जे दिसतंय ते बघून घ्यायला."

"मला नाही बघायचं. मी काय टुरिस्ट हाय? फिरव गाडी. खलास."

"फिरवणार नाही."

"सरोज, गाडी फिरव."

"अहो, माझ्या वॉर्डात बायका बारा-बारा तास ओरडतात, घरी जाऊ द्या म्हणून. मी एकीलाही सोडलेलं नाही. तुम्हाला उतरायचं असेल तर पुढच्या गावात स्टेशन आहे, तिकीट काढून देते. मी घाट चढणार."

कठोर होतं. आज परत ती वेळ आली तरी मी हेच बोलेन. दोह्यात सगळ्या जगाशी मी त्याच्या वतीने भांडत होते. इथे भांडायला समोर तोच उरला होता.

तो उतरला नाही. पण बोललाही नाही. केम्प्टनच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी खोली मिळाली, पाचशे पावलांवर गोठा, गळ्यात घंटा बांधलेल्या तपकिरी गाई, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. घरच्या बाईंनी गरम सूप दिलं, दोन दिवसांतलं पहिलं गरम जेवण. मी मिटक्या मारत खाल्लं. वसंतने भिंतीकडे तोंड करून खाल्लं. परदेशात जाऊन नवरा-बायकोचं भांडण झालं की फार पंचाईत होते, रुसून जायला माहेर जवळ नसतं.

घाट

सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. घाटाच्या पायथ्याचं गाव संपलं आणि पहिलंच वळण असं आलं की गाडीचं नाक माझ्याच मागे वळतंय असं वाटलं. दुसरं, तिसरं. चौथ्या वळणावर चढात मी गिअर चुकले आणि गाडी बंद पडली. मागे तीन गाड्या आणि एक बस. गाडी वीतभर मागे सरकली. शेजारी न बघता मी मनात म्हणाले, आता हा म्हणेल, दे इकडे, आणि मी देईन.

"हँडब्रेक," वसंत म्हणाला.

मी ओढला.

"आता पहिला टाक. क्लच अर्धा. आवाज ऐक. अजून नको... अजून नको... हां, आता तिचा आवाज जड झाला. सोड."

गाडी चढाला लागली. पुढची वळणं तो डोळे मिटून बसला होता. मी घाबरून बघितलं तर तो इंजिन ऐकत होता. "दुसरा. राहू दे दुसऱ्यातच. आतून नको, बाहेरून घे. आता कमी कर. आता दे." वळण माझ्या आधी त्याला कळत होतं, चाकांच्या आवाजावरून, पोटात पडणाऱ्या ओढीवरून. वीस वर्षं माणूस काही नुसत्या डोळ्यांनी चालवत नाही. माझा घाम सुकला. पंधराव्या का विसाव्या वळणापासून मला ते आवडायलाच लागलं.

मग त्याने डोळे उघडले.

हमरस्त्यावर त्याला दिवसभर फक्त डांबर दिसलं होतं. शेतं, मनोरे, डोंगर सगळं बाजूला होतं, म्हणजे त्याच्यापुरतं नव्हतंच. मी वेड्यासारखी "ते बघा, ते बघा" करत होते आणि तो मान वळवेपर्यंत ते मागे जात होतं. इथे रस्ताच वळत होता. एका वळणाला काचेत समोर खडक, पुढच्या वळणाला समोर काळं पाईनचं रान, आणि त्याच्या पुढच्या वळणाला काच भरून बर्फाचा डोंगर, जूनच्या उन्हात पांढराफटक.

"आरं!" वसंत म्हणाला. वळण संपलं. "गेला." पुढचं वळण. "आला! सरोज, आला बघ परत. केवढा हाय!"

"मी बघू की चालवू?"

"तू चालव. मी बघतो."

त्यानंतर त्याने गिअर सांगणं सोडलं. मलाही लागलं नाही.

वर सपाटीवर गवत, कुंपणं आणि एक लाकडी खानावळ होती. बाहेरच्या बाकांवर बसलो. वसंत मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत डोंगर बघत होता, मध्येच थांबून परत मागे येऊन. मी मिठाच्या शेवयांसारखं काहीतरी मागवलं. वर भरपूर चीज आणि तळलेला कांदा, आणि वसंत म्हणाला यात हिरवी मिरची पडली असती तर औरंगाबादला गाडा टाकता आला असता. कालपासूनचं ते त्याचं गाडीबाहेरचं पहिलं वाक्य.

खानावळीच्या बाई धिप्पाड होत्या, कमरेला भरतकामाचा एप्रन. प्यायला काय, असं विचारलं आणि पेन्सिल वसंतकडे रोखून म्हणाल्या, "ड्रायव्हर?" तिकडे घाटावरच्या सगळ्या खानावळींत हे विचारतात. चालवणाऱ्याला सफरचंदाचा रस, बाकीच्यांना बिअर. बाईंनी चालवणारा कोण ते आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं, त्या पोलिसासारखंच, आमच्या गल्लीसारखंच.

ओठांवर आलेलं "मी" मी गिळलं. दोन महिने मी ते सगळ्यांना सांगत आले होते. आता नाही सांगणार, असं ठरवून मी ताटलीत बघत बसले.

वसंत बाईंकडे बघत होता. बाईंनी पेन्सिल कागदाला टेकवली.

"नो," तो म्हणाला. शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले एवढ्या मोठ्याने. "शी ड्रायव्हर. माय वाइफ. ऑल द वे, शी. आय सिटिंग." आणि मग बोटाने हवेत उंची दाखवून, "फॉर मी, बिअर. बिग."

या माणसाने वीस वर्षांत दारूचा थेंब घेतला नव्हता. उद्या गाडी काढायची आहे, या एका कारणाने. लग्नात नाही, नाताळला नाही, कंपनीच्या कॅम्पातल्या मित्रांनी गळ घातली तरी नाही.

"अहो," मी म्हणाले, "मोठी?"

"मोठीच. आता मला कुठं चालवायचंय?"

बाईंनी रसाचा पेला माझ्यासमोर आणून ठेवला आणि फेसाळलेला मोठा ग्लास त्याच्यासमोर. मला रडू आलं. चारचौघांत, परक्या देशात, मी ते आवरलंही नाही. वसंतने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"लई कडू हाय," तो म्हणाला. "आन् ऐक, उतरताना दुसऱ्यातच ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको."

"तुम्ही गप प्या," मी म्हणाले. "ड्रायव्हर मी आहे."